कॉलेज बघायला चल म्हटलं की पोरगं ‘बघू की’ म्हणतं? पहिली पसंती भरण्याआधी एवढं करा

‘बघू की.’ बारावीतल्या मुलाला कॉलेजं बघायला कधी जायचं असं विचारलं की आजऱ्यात हमखास मिळणारं उत्तर हेच. फार मागे लागलं तर ‘मोबाइलवर सगळं दिसतंय की, तिथं जाऊन काय करायचं?’ मग पालकही विषय सोडतात. निकाल लागू दे, मार्क बघू, मग ठरवू.

हे ‘मग ठरवू’ आता परवडणारं राहिलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशप्रक्रियेत २०२५-२६ पासून नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती जागा आपोआप निश्चित होते, यालाच ‘ऑटो फ्रीज’ म्हणतात. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी तेच. म्हणजे ‘आत्ता टाकून ठेवू, आवडलं नाही तर पुढच्या फेरीत बदलू’ ही जुनी सोय वरच्या पसंतींपुरती संपली. त्यामुळे यादीतली पहिली सहा नावं न बघता भरणं म्हणजे चार वर्षांचा सौदा माल न बघता करणं. (नियमांत दरवर्षी थोडेफार बदल होतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची सीईटी सेलची माहिती पुस्तिका वाचाच.)

प्रत्यक्षात यादी कशी तयार होते? मुंबईतला काका फोनवरून दोन नावं सांगतो, क्लासवाले सर चार सांगतात आणि उरलेली ई-सेवा केंद्रात बसून मागच्या वर्षीच्या कटऑफवरून भरली जातात. ज्याला शिकायचंय तो बाजूच्या खुर्चीवर रील बघत असतो. दोष रीलचा नाही. आपल्याला विचारून काही ठरणार नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं.

नको म्हणण्यामागे काय असतं?

माझ्या मते आळस हे सगळ्यात कमी वेळा खरं असलेलं कारण आहे. बहुतेकांना मार्कांची धास्ती असते. सीईटीचा पर्सेंटाइल हातात नसताना मोठ्या कॉलेजच्या गेटवर जायचं आणि नंतर तिथं नंबर लागलाच नाही तर? त्यापेक्षा न गेलेलं बरं. दुसरी गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे लाज. शहरातल्या पोरांसमोर आपले वडील शिपायाला ‘साहेब’ म्हणत चौकशी करणार, आपल्याला कोणी इंग्रजीत काही विचारणार, या कल्पनेनंच अंगावर काटा येतो. मी स्वतः इंजिनिअरिंग केलंय. पहिल्या वर्षी वर्गात सर्वांत गप्प बसणारी मुलं हुशारीत कमी नव्हती, फक्त त्या आवारात आपण शोभतो की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

आणि पैसा. घरी हप्त्यांची बोलणी कानावर पडत असतील तर मुलगा स्वतःहूनच ‘इथलंच कॉलेज बरं’ म्हणतो. त्याला ते खरंच बरं वाटत असेल तर उत्तम. आजऱ्यात राहून पदवी घेणं ही काही हार नव्हे. पण आकडे न सांगता त्याला अंदाज बांधू देऊ नका. विशेषतः मुलगी असेल तर. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. संस्था पातळीवरच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र वेगळा धरावाच लागतो.

बेत त्याला आखू द्या

‘कोणतं कॉलेज हवंय?’ हा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलासाठी फार मोठा आहे. ‘सकाळची कुठली एसटी पकडायची?’ हा त्याला झेपतो. त्यामुळे कामं त्याच्याकडे द्या. तीन ठिकाणं त्यानं निवडायची. एक घराजवळचं, एक कोल्हापुरातलं, एक थोडं आवाक्याबाहेरचं वाटणारं. गडहिंग्लज तालुक्यात महागावला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कोल्हापुरात केआयटी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. सांगलीचं वालचंद १९४७ पासून उभं आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून. आणि इंजिनिअरिंगच हवं असा नियम नाही. घरी घनसाळ पिकतो, मुलाला शेतात रस आहे, तर कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय त्या यादीत का नसावं?

आजऱ्याहून कोल्हापूर ८०-९० किलोमीटर. एका दिवसात एकच कॉलेज नीट बघून होतं, तीन उरकायला जाऊ नका. सांगलीसाठी वेगळा दिवस काढा. कामकाजाच्या दिवशी जा, सुट्टीत फक्त इमारत दिसते. सीईटी झाल्यानंतरचा मे महिना मला सगळ्यात चांगला वाटतो. कॉलेजात परीक्षांचे दिवस असतात, पोरं वाचनालयात असतात आणि खरं बोलण्याच्या मनःस्थितीत असतात. जूनमध्ये आपल्याकडचा पाऊस आणि रोपलावण सुरू झाली की घरातलं कोणी मोकळं नसतं. शक्य असेल तर बरोबर आईनं जावं. एक तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि दुसरं म्हणजे बहुतेक घरांत मुलं आईसमोर जास्त बोलतात.

गेटवर वेगळे व्हा

माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा हाच. आत गेल्यावर पालकांनी ऑफिसात जाऊन फी, वसतिगृह, शिष्यवृत्तीची चौकशी करावी आणि मुलाला तासभर एकटं सोडावं. तो कँटीनला जाईल, चहा घेईल, गडहिंग्लज-चंदगडकडचं कोणीतरी भेटेलच. आपल्या बोलीत बोलणारा दुसऱ्या वर्षाचा मुलगा दहा मिनिटांत जे सांगतो ते माहितीपत्रकात कधीच छापलं जात नाही. मेसमध्ये जेवण कसं असतं, रूम मिळते की बाहेर राहावं लागतं, कुठल्या विषयाला शिक्षकच नाहीत, मराठी माध्यमातून आलेल्यांचं पहिलं सेमिस्टर कसं जातं. शक्य झालं तर प्रयोगशाळेत डोकावायला सांगा. यंत्रं चालू आहेत की कापडाखाली झाकलेली, एका यंत्राभोवती किती पोरं उभी आहेत, एवढं बघितलं तरी पुरे.

पालकांनी ऑफिसात एक प्रश्न सोडू नये. ‘सर्वांत मोठं पॅकेज’ फलकावर लिहिलेलं असतं, ते एका मुलाचं असतं. आपल्या शाखेतली किती मुलं पास झाली, त्यातली किती नोकरीला लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती, हे विचारा. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था पगाराचा हा मध्यांक आणि नोकरी लागलेल्यांची संख्या सादर करतात, ती माहिती त्यांच्या संकेतस्थळावर सापडते. उत्तर टाळलं गेलं तर तेही टिपून ठेवा.

कोल्हापूरला गेलात आणि वसतिगृहाची धास्ती असेल तर मुलाला एक सांगा. बाहेरगावच्या पोरांना शहरात राहायला जागा नाही म्हणून शिक्षण थांबतं, हे ओळखून राजर्षी शाहूंनी १९०१ पासून इथं वसतिगृहं उभी केली. आजरा-चंदगडच्या पोरानं या शहरात खोली शोधत येणं ही या गावाला नवलाची गोष्ट नाही.

परतीच्या गाडीत ‘मग, कसं वाटलं?’ लगेच विचारू नका. झोपू द्या, मोबाइल बघू द्या. दोन-तीन दिवसांनी कागद-पेन देऊन पहिली सहा नावं क्रमानं लिहायला सांगा. तुमच्या यादीपेक्षा ती वेगळी असेल. वाद घालायचाच तर तो फक्त पहिल्या नावावर घाला आणि तोही त्यानं कारण सांगितल्यावर. मग दोघांनी मिळून ई-सेवा केंद्रात जा. या वेळी संगणकासमोरच्या खुर्चीवर त्याला बसवा.