कानातली बोंडं

आमच्या घरातून रोज सकाळी साडेआठला एक छोटं विमान उड्डाण करतं. म्हणजे माझा नातू सायकलवरून ऑफिसला निघतो. डोक्यावर हेल्मेट, मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ, हँडलवर वेग आणि चढ दाखवणारा इवलासा कॉम्प्युटर, मागे लुकलुकणारा लाल दिवा. हा सगळा सरंजाम रात्री चार्जिंगला लावलेला असतो, त्यामुळे हॉलमधल्या एकाही प्लगवर आता माझा हक्क उरलेला नाही. कोथरूडहून लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक आणि मग बाणेर. दारात गाडी उभी असताना हा मुलगा सायकल मारत जातो याचं मला खरोखर कौतुक आहे. त्याच्या खेळण्यांचंसुद्धा! आमच्या वेळी डायनॅमो होता. चढावर दम लागून वेग कमी झाला की दिवाही मिणमिणायचा, आणि सायकल थांबली की विझायचाच. म्हणजे नेमकं चौकात उभं राहिल्यावर अंधार. त्या मानाने हा लाल दिवा म्हणजे देवमाणूस.

पण सगळ्यात शेवटी तो खिशातून एक डबी काढतो, त्यातली दोन बोंडं दोन्ही कानांत कोंबतो आणि पॅडलवर पाय ठेवतो. तिथे माझं डोकं फिरतं.

"आजी, तूच तर ट्रान्झिस्टर घेऊन हिंडायचीस!" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आता हे खरं आहे, नाकारून कसं चालेल? नवी नवी नोकरी होती. माझी लेडीज सायकल, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, पुढे बास्केट. बास्केटमध्ये डबा, तपासायच्या वह्या आणि वह्यांवर ट्रान्झिस्टर. (रेडिओला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे, हे त्याला सांगितलं तर तो हसत सुटला.) १९७५ च्या जानेवारीत वानखेडे स्टेडियमवरची पहिलीवहिली टेस्ट सुरू होती, वेस्ट इंडीजविरुद्ध. क्लाइव्ह लॉइड काही केल्या आऊट होईना. मी शाळेच्या फाटकातून आत शिरले की शिपाईमामांपासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे स्कोअर विचारायला यायचे. लॉइड शेवटी २४२ वर नाबाद राहिला, आणि शिपाईमामा माझ्यावरच चिडले, जणू मीच बोलिंग टाकत होते.

तेव्हा गाणी, कॉमेंट्री आणि सायकल यांचं सख्य मला कुणी शिकवायला नको. माझं भांडण गाण्याशी नाहीच. ट्रान्झिस्टर बास्केटमध्ये वाजायचा. मागून टांगा आला, ट्रक आला, तर तो त्याच कानांना ऐकू यायचा. फार गलका झाला तर बिचारं गाणं हरायचं, रस्ता जिंकायचा. १९७९ मध्ये जपानात वॉकमन निघाला आणि हळूहळू जगभर गाणं कानाच्या आत शिरलं. आता गलका झाला की गाण्याचा आवाज वाढवायचा, म्हणजे रस्ता हरतो.

आणि वाढवतातच. विद्यापीठ चौकात हळू आवाजात काही ऐकून दाखवा! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो. तोच ९० वर नेला तर फक्त ४ तास. नातवाचं जाणं-येणं रोज तासा-दीडतासाचं. गणित मी शिकवलं नाही, पण एवढं मलाही येतं.

त्याचा दुसरा मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. "गाडीवाले काचा बंद करून गाणी लावतात, त्यांना का नाही बोलत कुणी?" खरंच नाही बोलत. बोलायला हवं. पण त्यांच्याभोवती पत्रा आहे, तीन तीन आरसे आहेत. माझ्या सोन्याला मागचं दिसायला त्याचे कानच आहेत, दुसरं काही नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून गाडीवाल्यांबरोबर सायकलवाल्यांनाही कानात इयरफोन घालायला मनाई आहे, दंड १३५ युरो. म्हणजे ही काही एकट्या कोथरूडच्या म्हातारीची किरकिर नव्हे!

आता मी एवढी का चिडते ते सांगते. सायकल मी अडुसष्टाव्या वर्षी सोडली. गुडघे ठीक होते, गेले ते कान. वयाने ऐकू कमी येतं ना, तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. पाखरं, लहान मुलांचं बोलणं, सायकलची घंटी. एकदा कर्वे रोडवर मागून हॉर्न ऐकू आला. आला, पण कुठल्या बाजूने ते कळेना. मी डावीकडे घेतली आणि स्कूटर डावीकडूनच आली. हँडलला हँडल घासलं, मी पडले नाही इतकंच. तो मुलगा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. घरी येऊन सायकलला कुलूप लावलं आणि पुढे ती भंगारवाल्याला दिली. त्यानंतर कानाचं मशीन आलं. ते घालून माणसांचं बोलणं कळतं, पण भर रस्त्यात चहूकडून सगळं एकदम अंगावर येतं. मला जे पैसे मोजूनही नीट परत मिळालं नाही, ते हा रोज सकाळी स्वतःच्या हाताने बुजवतो.

"बरं, एकाच कानात घालतो," अशी तडजोड त्याने सुचवली. मग मी माझ्यातली बाई बाहेर काढली. व्हरांड्यात उभा केला, डोळे मिटायला लावले, एका कानात बोंड. सुनेच्या हातात सायकलची जुनी घंटी दिली आणि तिला अनवाणी इकडेतिकडे फिरवली. घंटी कुठे वाजली ते बोटाने दाखव. सहापैकी चारदा चुकला! दोन्ही कान मोकळे ठेवल्यावर एकदाही नाही. डावीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोचतो, आणि तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. एक कान बुजवला की तो हिशेबच बसत नाही.

चिरंजीव गप्प झाले. पण गॅजेटवाला तो, हार कसला मानतोय! आठ दिवसांनी नवंच काहीतरी आलं. कानात न जाता कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकतं आणि हाडातून गाणं आत पोचवतं. मला थापच वाटली. मग आठवलं, कानाच्या डॉक्टरांनी नादकाटा वाजवून माझ्या कपाळावर टेकवला होता आणि तो आत गुणगुणला होता. पुन्हा व्हरांडा, पुन्हा घंटी. गाणं हळू असताना सहाच्या सहा बरोबर. आवाज मोठा केल्यावर दोनदा चुकला. म्हणजे कान मोकळे असले तरी लक्ष गाण्यातच असतं, हे त्याने स्वतः कबूल केलं. "चौकात बंद ठेवीन," म्हणाला. किती ठेवतो ते चौकालाच माहीत.

काल सकाळी तो कोपऱ्यावर वळला तेव्हा माझ्यासाठी मुद्दाम घंटी वाजवून गेला, असं सून म्हणाली. मला कुठली ऐकू यायला... माझं मशीन टेबलावर डबीतच होतं.