पाटीवर माझं नाव नव्हतं

नेदरलँड्समधून आम्ही जर्मनीत राहायला आलो, त्याला आता चार वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात नवरा संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "नोंदणीचं काम झालं बरं का. तुझंही करून टाकलं." मला बरंच वाटलं. खोकी अजून उघडायची होती, मुलगी लहान होती, एक खेप वाचली.

जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात नव्या पत्त्याची नोंद करावी लागते. परदेशी माणसालाच नव्हे, जर्मन माणसालाही. याला तिथे 'आनमेल्डुंग' म्हणतात. पासपोर्ट लागतो, लग्नाचा दाखला मागतात, आणि 'ही माणसं माझ्या घरात राहायला आली आहेत' असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. हे पत्र २०१५ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे. कुटुंब एकत्र राहायला आलं असेल तर सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो आणि त्यावर एकाची सही पुरते. कायद्यात नवऱ्याची सही असं कुठेही लिहिलेलं नाही. पण आपल्या घरांत ती कोणाची असते, हे मैत्रिणींना सांगायला नको.

याआधी नेदरलँड्समध्ये नोंद केली तेव्हाचा अनुभव अगदी वेगळा होता. तिथे घरातल्या प्रत्येकाला समक्ष जावं लागलं, तान्ह्या मुलीलासुद्धा. माझ्या वतीने नवरा उत्तरं द्यायला लागला तसं टेबलापलीकडच्या बाईंनी त्याला थांबवलं आणि मलाच विचारलं, "तुमचं जन्माचं आडनाव काय?" डच नोंदवहीत बाई लग्नानंतरही जन्माच्या आडनावानेच राहते. नवऱ्याचं आडनाव वापरायचं असलं तर तशी वेगळी नोंद होते. लग्नानंतर नाव न बदलल्याबद्दल मी सासरी, बँकेत, मुलीच्या जन्माच्या वेळी इस्पितळात खुलासे देत आले होते. तिथे एकाही शब्दाचा खुलासा द्यावा लागला नाही.

जर्मनीत मात्र माझी खेप वाचली ती महागात पडली. नोंद झाली की प्रत्येकाला, अगदी नवजात बाळालाही, ११ अंकी कर-क्रमांक पोस्टाने येतो. नवऱ्याचा आला, माझा येईना. तिथल्या इमारतींत सहसा फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो, नाव नसलं तर ते परत जातं. आमच्या पेटीवर आणि बेलवर एकच आडनाव होतं, नवऱ्याचं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पाटी करताना त्याला ते सुचलंच नाही, आणि न सुचणं हेच तर आपलं जुनं दुखणं. क्रमांक नसल्यामुळे माझ्या अर्धवेळ नोकरीचा पहिला पगार सगळ्यांत जड दराने कर कापून हातात पडला.

एवढ्यावरच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्याच वर्षी ओळखीतली एक मुलगी मारहाणीला कंटाळून रात्री घराबाहेर पडली. ती लग्न करून महाराष्ट्रातून थेट तिथे आलेली होती. सगळे कागद नवऱ्याच्या कपाटात, किल्ली त्याच्याकडे. आपली नोंद कधी झाली, कोणत्या पत्त्यावर झाली, तिला काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्यामागे आलेल्या बाईचा तिथे राहण्याचा परवाना नवऱ्यावर अवलंबून असतो. स्वतंत्र हक्क मिळायला त्या देशात तीन वर्षं एकत्र संसार झालेला लागतो. २०११ पर्यंत दोन वर्षं पुरत होती. छळ झाला असेल तर अट सोडता येते, पण छळ दाखवून द्यावा लागतो. नवरा म्हणत होता, तीन वर्षं झालेलीच नाहीत. मदत केंद्रातल्या बाईंनी तिला नोंदणी कार्यालयात नेलं. आपल्या नोंदीचा उतारा कोणालाही मागता येतो. त्यावर पहिल्या पत्त्याची तारीख होती. तीन वर्षं पुरी होऊन दोन महिने झाले होते.

या नोंदवहीची दुसरी बाजूही सांगायला हवी. थोडं शुल्क भरून तिथे कोणीही दुसऱ्याचा पत्ता विचारू शकतो, म्हणजे मारणारा नवराही. जिवाला, प्रकृतीला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तर पत्ता न देण्याची नोंद करून घेता येते. तो अर्ज नवा पत्ता लिहून देताना त्याच दिवशी करायचा, उद्यावर टाकायचा नाही. हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठी ११६०१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक तिथे रात्रंदिवस चालू असतो.

हे सरकारचं पाळत ठेवणं आहे, त्याचं कौतुक कसलं, असं चळवळीतल्या एका मैत्रिणीने मला सुनावलं. तिचं अगदीच चूक नाही. नेदरलँड्समध्ये नाझींनी ज्यूंना हुडकलं ते अशाच नोंदवह्यांवरून, आणि म्हणून १९४३ च्या मार्चमध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रतिकार गटाने तिथलं नोंदणी कार्यालय पेटवलं. पण नोंद टाळता येत नाही, ती होणारच. मग ती आपल्या हाताने व्हावी की आपल्या पाठीमागे, एवढाच प्रश्न आपल्यापुढे उरतो.

सात-बाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडलो, घराच्या उताऱ्यावर लागावं म्हणून भांडलो. आणि परदेशातलं स्थळ आलं की मुलाचा पगार विचारतो, व्हिसा विचारतो, पण 'तिथे माझी नोंद मी करणार, उतारा माझ्याकडे राहणार, पासपोर्ट माझ्या पिशवीत राहणार, पेटीवर माझंही नाव लागणार' हे बोलणं मुलीच्या तोंडून कधी ऐकलं आहे का? ते उद्धटपणाचं वाटतं. मलाही लग्नाच्या वेळी वाटलंच असतं.

आपल्या गटांतून लग्नाआधीची शिबिरं होतात, तिथे एक तास या विषयाला द्यावा. डिसेंबरात मी दीड महिना पुण्यात आहे. घरमालकाच्या पत्राचा आणि नोंदणीच्या अर्जाचा नमुना मराठी अर्थासकट घेऊन येते. ज्या गटाला हवा असेल त्यांनी संपादकांकडे कळवावं.