कायद्याची ओळख : अंगठा उठवण्यापूर्वी

भिवंडीत यंत्रमागाच्या कामात हयात गेलेल्या आईला आता जिना उतरवत नाही. बँक, घरपट्टी, विजेचे बिल मुलाने पाहावे, म्हणून घरात कुलमुखत्यारपत्राची गोष्ट निघते. वाचक बंधू-भगिनींनो, कागद जरूर करा. पण कामापुरताच करा, असे आम्ही सुचवतो.

‘कुल’ म्हणजे सर्व. बँकेचे आणि कराचेच काम असेल तर तेवढेच लिहून खास मुखत्यारपत्र करावे. खोली विकण्याचा अधिकार द्यायचा नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. कागद आईला मोठ्याने वाचून दाखवावा, लेकीही समोर असाव्यात; मगच अंगठा.

आई शुद्धीत असतानाच हे उरकावे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ती वारली किंवा तिची बुद्धी भ्रमिष्ट झाली, की मुखत्यारी संपते. मृत्यूनंतरची सोय मृत्युपत्राने करता येते. नुसत्या मुखत्यारपत्राने घराची मालकीही मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

खोली आईची. मुलगा तिचा मुखत्यार आहे, मालक नव्हे, हे घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावे.