माघारीचा इतिहास : डॉ. डोनाल थॉमस आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण

१/ डॉ. डोनाल थॉमस यांचे चरित्र बहुधा चिकाटीची कथा म्हणून सांगितले जाते. इतरांनी नाद सोडला, त्यांनी सोडला नाही, आणि १९९० साली नोबेल मिळाले. ही मांडणी ऐकायला गोड असली तरी अपुरी आहे. रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपाय हाती आला, यात थॉमस मध्येच थांबले याचाही मोठा वाटा आहे.

२/ रक्त तयार होते हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत. ल्युकेमियात ही जननभूमीच दूषित होते. मूळ कल्पना सरळ होती: किरणांच्या प्रखर माऱ्याने रोगट मज्जा नष्ट करायची आणि निरोगी माणसाची मज्जा शिरेतून द्यायची. तिच्यातील मूलपेशी आपली वाट शोधत हाडांपर्यंत पोहोचतात. उंदरांवर हे साधले होते.

३/ १९५७ साली न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या छोट्या गावातून थॉमस व सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. परकी मज्जा रुजल्याची चिन्हे दोघांतच दिसली, तीही तात्पुरती. शंभर दिवसांपलीकडे कोणीही जगले नाही.

४/ १९५९ साली एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिलेल्या रुग्णांत ती रुजली, पण काही महिन्यांनी ल्युकेमिया परतला. दरम्यान युगोस्लाव्हियातील विंचा येथे अणुभट्टीच्या अपघातात सापडलेल्या शास्त्रज्ञांवर १९५८ साली पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी हाच उपचार केला. त्यातले बहुतेक वाचले. मात्र ते मज्जेमुळेच वाचले का, यावर वाद राहिला.

५/ खरी अडचण विलक्षण होती. मूत्रपिंड बसवले तर शरीर परक्या अवयवाला नाकारते. इथे त्याच्या उलटही घडे. दात्याच्या मज्जेतून जन्मलेल्या संरक्षक पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर तुटून पडत. पाहुण्याने घरच्यांनाच परके ठरवावे, तसे.

६/ साठच्या दशकात बहुतेक संशोधक या क्षेत्रातून निघून गेले. १९७० साली मॉर्टिमर बॉर्टिन यांनी तोवरच्या सुमारे २०० प्रत्यारोपणांचा ताळेबंद मांडला; तो वाचवत नाही.

७/ थॉमस यांनीही परक्या दात्याची मज्जा माणसांना देणे थांबवले. ते क्षेत्रातून मात्र गेले नाहीत, कुत्र्यांकडे वळले. १९६३ साली ते सिअ‍ॅटलला आले. पुढे जर्मनीहून आलेले रायनर स्टॉर्ब त्यांना मिळाले. कुत्राच का? एका वेतात त्याला अनेक पिल्ले होतात, म्हणजे सख्खी भावंडे आयती मिळतात. १९६८ पर्यंत पेशींची जुळणी तपासण्याची रीत बसवून त्यांनी दाखवले, की जुळणाऱ्या भावंडाची मज्जा मिळालेली कुत्री दीर्घकाळ जगतात. मेथोट्रेक्सेट या औषधाने दात्याच्या पेशींचा हल्ला सौम्य करता येतो, हेही तिथेच पक्के झाले.

८/ चिकाटीच्या कथेत या वर्षांना जागा नसते, कारण त्यांत नाट्य नाही. पण मरणासन्न माणसावर ‘आणखी एक प्रयत्न’ करणे त्या काळी अवघड नव्हते. तो न करणे अवघड होते. १९५७ च्या त्या सहा जणांचे ऋण फेडायचे, तर ते आधी प्रयोगशाळेतच फेडायला हवे होते.

९/ १९६९ मध्ये, ऊतींची जुळणी पाहून, माणसांवर पुन्हा सुरुवात झाली. १९७७ साली सर्व उपाय थकलेल्या १०० ल्युकेमिया रुग्णांचा निष्कर्ष आला: १३ जण हयात व रोगमुक्त. आकडा लहान वाटतो. पण हे १३ अशा रुग्णांतले, ज्यांच्यासाठी दुसरे काहीच उरले नव्हते. मग रोग आटोक्यात असतानाच, लवकर प्रत्यारोपण करावे हा विचार पुढे आला आणि फलित सुधारले.

१०/ या सर्व काळात डॉटी थॉमस प्रयोगशाळेत होत्या. शिक्षण पत्रकारितेचे, काम रक्ततपासणी तंत्रज्ञाचे, शिवाय पतीच्या शोधनिबंधांचे संपादनही. नोबेल जोसेफ मरे आणि थॉमस यांच्यात विभागले गेले. डॉटींचे नाव त्यात नाही.

११/ सिअ‍ॅटलमध्ये थॉमस यांच्याकडे हे तंत्र शिकून डॉ. सुरेश अडवाणी मुंबईला परतले. बालपणी पोलिओ झाल्याने ते चाकाच्या खुर्चीवरून काम करत. मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. मज्जा दिली होती सख्ख्या भावाने.