समाधानाचा उतारा कसा काढावा?

हंगाम संपला की सभासदांची मते मागवावीत, ही कल्पना चांगलीच आहे. 'तोड वेळेवर मिळाली का?' असे विचारायचे आणि खाली पाच खणांपैकी एकावर खूण करायची : फार समाधानी, समाधानी, बरं आहे, असमाधानी, फार असमाधानी. ही पाच पायऱ्यांची रीत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. आमची तक्रार रीतीबद्दल नाही, पुढच्या हिशेबाबद्दल आहे.

हिशेब बहुधा असा होतो. फार समाधानीला ५ गुण, फार असमाधानीला १, आणि सगळ्यांची सरासरी. धरा, एका गावात १०० सभासदांनी पत्रके भरली आणि सर्वांनी 'बरं आहे' म्हटले. सरासरी ३. दुसऱ्या गावात ४० जण फार समाधानी, १० समाधानी, १० असमाधानी, ४० फार असमाधानी. सरासरी? तीच, ३! पहिल्या गावात कुणाची कुरकुर नाही. दुसऱ्यात निम्म्यांचा ऊस उन्हात वाळत उभा राहिला, वजन घटले, वर टोळीला 'खुशाली' द्यावी लागली ती वेगळीच. अहवालात मात्र दोन्ही गावे एका ओळीत. सरासरीऐवजी सर्वांना क्रमाने उभे करून मधला माणूस पाहिला, म्हणजे मध्यक काढला, तरी या गावात फसगत टळत नाही. तोही ३ च येतो.

साखरेच्या उताऱ्याची गोष्ट निराळी. १० वरून ११ टक्के काय किंवा ११ वरून १२ काय, टनामागे १० किलोच साखर वाढते. पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत, म्हणून सरासरी शोभते. 'असमाधानी' आणि 'फार असमाधानी' यांतले अंतर कुठल्या काट्यावर तोलणार? लिकर्टनेही एका प्रश्नावर भिस्त ठेवली नव्हती. एकाच विषयाची अनेक विधाने देऊन त्यांच्या गुणांची बेरीज तो घेई.

म्हणून पाचही खणांतले आकडे गटवार द्यावेत, हे उत्तम. दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा, हे पाहायला काय-वर्ग कसोटी आहे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली आपली मुले ती कागदावर करून देतील.

याहून मोठा घोटाळा पत्रके गोळा करण्यात होतो. ज्याच्या हाती तोडीची चिठ्ठी, त्याच्याच हाती नावानिशी पत्रक द्यायचे म्हटल्यावर कोण खरे लिहील? आणि गट ऑफिसात येणाऱ्यांनाच विचारले, तर लांबच्या माळावरचा, रस्ता नसलेला सभासद राहूनच जातो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या अंदाजासाठी हेच शास्त्र उभे केले : प्लॉट आपण आवडीने निवडायचा नाही, चिठ्ठी टाकून जो येईल तिथेच कापणी करून मोजायचे. रस्त्याकडेचे चांगले पीक मोजून तालुक्याचा उतारा सांगू नये. माणसांनाही तोच नियम लागू. सहकाराला हे परके नाही. प्रवरेच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी केली होती. गोखले संस्थेने ती १९४० मध्ये छापली.

तेव्हा संचालक मंडळाकडे आमचे मागणे असे. पत्रकावर नाव, शेअर नंबर नको. नावे सभासद यादीतून चिठ्ठ्या टाकून काढावीत. आडसाली, सुरू, खोडवा यांची मते वेगळी मांडावीत, कारण उशिराची झळ सर्वांना सारखी बसत नाही. वार्षिक सभेच्या अहवालात गटवार पाचही आकडे छापावेत, आणि किती पत्रके परत आलीच नाहीत, हा सहावा आकडाही त्यांच्या शेजारी असावा.