टर्बोची टकटक आणि इथेनॉलवरचा आळ

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे करंजी घाट चढताना छोट्या टर्बो मोटारीच्या बॉनेटखालून टकटक असा आवाज येऊ लागला, की मालकाचा पहिला संशय आता पेट्रोलवर जातो. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलवरून ऑगस्ट 2025 मध्ये देशभर वादळ उठले, पेट्रोलियम मंत्रालयाला खुलासा करावा लागला आणि इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. तेव्हापासून इंजिनची प्रत्येक तक्रार 'ई 20'च्या खात्यावर टाकण्याची जणू प्रथाच पडली आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला आणि जिथल्या अनेक कारखान्यांच्या ताळेबंदात इथेनॉलने आपली जागा मिळवली आहे, त्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा आळ कितपत खरा, हा प्रश्न केवळ मोटारमालकापुरता उरत नाही.

छोटे टर्बो इंजिन मुळात आले ते करामुळे आणि प्रदूषणाच्या निकषांमुळे. चार मीटरपर्यंतची लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन अशा मोटारींना 2006च्या अर्थसंकल्पाने उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि पुढे वस्तू व सेवा करातही ही रेषा कायम राहिली. एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज सहा लागू होताच छोट्या डिझेल मोटारींचे गणित बिघडले. डिझेलसारखी ओढ कमी सीसीत द्यायची, तर पेट्रोल इंजिनात हवा दाबून भरण्यावाचून गत्यंतर नव्हते. नेक्सॉन 2017 मध्ये 1.2 लिटरच्या, तर व्हेन्यू 2019 मध्ये एक लिटरच्या टर्बो इंजिनासह आली, ती याच वाटेने. परंतु दाब वाढला की सिलिंडरमधील उष्णताही वाढते, आणि नॉकिंगचे मूळ तिथेच आहे. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील मिश्रण दाबाने आपोआप भडकते, त्याचाच तो धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज.

या बाबतीत इथेनॉल आरोपी नसून बहुतांशी साक्षीदार आहे. त्याचा ऑक्टेन आकडा 108च्या घरात, तर भारत स्टेज सहाच्या साध्या पेट्रोलचा किमान आकडा 91. वीस टक्के मिश्रणामुळे तो 95पर्यंत जातो, असे मंत्रालयाचे म्हणणे आहे. शिवाय इथेनॉल बाष्प होताना बरीच उष्णता शोषून घेते. म्हणजे चांगले 'ई 20' नॉकिंग वाढवत नाही, उलट आवरते. (आणि ज्याला सरसकट 'उसाचे पेट्रोल' म्हटले जाते, त्यातील इथेनॉलमध्ये 2023-24पासून मका-तांदळाचा वाटा उसापेक्षा मोठा झाला आहे, हेही टीका करताना विसरले जाते.)

मात्र इथेनॉलला सरसकट निर्दोष ठरवणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यात दर लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. ई 10साठी जुळवलेल्या चारचाकीचे इंधन सहा ते सात टक्के अधिक जाऊ शकते, हे नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच नमूद आहे. अडखळण्याचे काही प्रकारही खरोखर इंधनाचेच. नगरच्या थंडीत पारा एक अंकी होतो, तेव्हा इथेनॉलचे बाष्प सहज होत नाही. सकाळी पहिली काही मिनिटे इंजिन थरथरून नंतर सुरळीत चालले, तर संशय इंधनावर घ्यावा. दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. टाकीत पाणी शिरले की इथेनॉल त्यात मिसळून तळाशी बसते. तळातले ओढणारा पंप इंजिनाला जवळपास पाणीच पाजतो आणि वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन घटलेले असते. इथेनॉलमुळे नॉकिंग होण्याची ही खरी वाट; पण तीत दोष मिश्रणाच्या प्रमाणाचा नसून पाण्याचा आहे.

भर दुपारी, वातानुकूलन चालू असताना, चार माणसे बसवून घाटात होणारी टकटक मात्र वेगळ्या जातीची असते. ट्रॅक्टरमागे वेग मंदावतो, चालक गिअर उतरवत नाही आणि 1500 फेऱ्यांच्या आसपास पाय पेडलवर दाबून धरतो. टर्बो तेवढ्यात भरपूर हवा कोंबतो. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात अशा वेळी तेल-इंधनाचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. साध्या नॉकिंगमध्ये सेन्सर आवाज ओळखून ठिणगी उशिरा टाकतो आणि इंजिन वाचते. त्यामुळेच ओढ कमी होऊन गाडी 'अडखळते'. चालकाला बिघाड वाटतो, तो पुष्कळदा बचाव असतो. पण ठिणगीपूर्वीच्या स्फोटाला ठिणगी उशिरा टाकून काय उपयोग? त्यात पिस्टनला तडा जाऊ शकतो. कॅल्शियमयुक्त तेलांमुळे हा धोका वाढतो असे आढळल्यावर 2018 मध्ये 'एसएन प्लस' आणि 2020 मध्ये 'एसपी' हे तेलाचे दर्जे आले. डब्यावरील हे अक्षर न पाहता स्वस्तातले तेल ओतणारा मालक पेट्रोलला दोष देत राहतो, ही यातली शोकांतिका. यावरचा बिनखर्ची उपाय एकच: एक गिअर खाली.

गॅरेजमधील निदानाचा क्रम बहुधा उलटा चालतो. इंजेक्टर साफ करा, नाहीतर बदला, हा सल्ला आधी येतो आणि प्लगकडे शेवटी पाहिले जाते. वास्तविक टर्बोच्या वाढीव दाबात प्लगचे अंतर किंचित जास्त असले तरी ठिणगी विझते. संथ चालणारी गाडी ओव्हरटेकच्या क्षणी झटके देते ती बहुधा यामुळे किंवा कॉइलमुळे. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी होजला चीर पडली, तर पिकअप जातो आणि दाबाबरोबर फुसफुस ऐकू येते. गळीत हंगामातील कच्च्या रस्त्यांची धूळ एअर फिल्टर मुदतीआधी तुंबवते. हे सारे पाहून झाल्यावर स्कॅनर लावावा, आणि तोही केवळ एरर कोड पुसण्यासाठी नव्हे. ई 10 ऐवजी ई 20 वापरल्यास संगणकाला इंधन सुमारे चार टक्के वाढवावे लागते. स्कॅनरवर ही दुरुस्ती तेवढीच दिसत असेल, तर इंधन आपले काम करत आहे. ती पंधरा-वीस टक्क्यांवर गेली असेल, तर हवेची गळती, तुंबलेला इंजेक्टर किंवा थकलेला पंप शोधावा लागेल. अपेक्षित व प्रत्यक्ष दाब, ठिणगी किती मागे सरकली आणि कोणत्या सिलिंडरमध्ये मिसिंग होते, हे आकडे चढावर, भाराखाली पाहायचे असतात. जागेवर उभ्या गाडीत ते काहीच सांगत नाहीत.

नेमके इथेच व्यवस्थेचे अपुरेपण उघडे पडते. वाहनांची प्रमाणन चाचणी करणारी 'व्हीआरडीई' ही डीआरडीओची संस्था याच शहरालगत आहे. पण तिथे तपासले जाते ते नवे मॉडेल. साठ हजार किलोमीटर धावलेली, तिसऱ्या दर्जाचे प्लग बसवलेली मोटार नव्हे. पीयूसी चाचणी गाडी उभी असताना होते, त्यामुळे घाटातील टकटक तिच्या प्रमाणपत्रावर उमटण्याचा प्रश्नच नाही. ई 20ला टिकणारे सुटे भाग एप्रिल 2023पासून आणि त्यासाठी जुळवलेली इंजिने एप्रिल 2025पासून, असा टप्पा आराखड्याने ठरवला होता. त्याआधीच्या मोटारींच्या मालकांना मात्र पंपावर दुसरा पर्याय राहिलेला नाही, आणि दोष इंधनाचा की गाडीचा हे सिद्ध करण्याचा भारही त्यांच्याच माथी आला आहे.

त्यामुळे सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर 'गाडी ओढत नाही' एवढेच लिहून भागणार नाही. इंजिन थंड होते की तापलेले, गिअर कोणता, फेरे किती, पेट्रोल कधी व कुठे भरले, हे तिथे नोंदवून घ्यावे आणि स्कॅनरवरील आकड्यांची प्रत मागावी. वॉरंटीच्या वादात तोंडी तक्रारीपेक्षा हाच कागद उपयोगी पडतो. पावसाळ्यात भरल्यानंतर लगेच गाडी बंद पडू लागली, तर इंजिन उघडण्याआधी टाकीच्या तळातील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, तर मेकॅनिककडे जाण्याआधी पेट्रोल भरल्याची पावती शोधावी लागेल.