कॅशबॅक म्हणजे बचत नव्हे, मुलांची फी तर नव्हेच

गेल्या काही वर्षांत आपल्या शिकलेल्या, पगारदार घरांमध्ये एक नवे शहाणपण ऐकू येते. घरखर्च सगळा क्रेडिट कार्डावर करा, मिळणारा कॅशबॅक साठवा आणि मुलांच्या कॉलेजची सोय करा. खर्च तर होणारच आहे, मग त्यातून चार पैसे मुलांसाठी का काढू नयेत? वरवर पाहता बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो का मान्य नाही, ते भावनेने नव्हे, हिशेबाने सांगतो.

कल्पना मूळची अमेरिकेची. तिथे 1996 पासून आयकर कायद्याच्या कलम 529 खाली मुलांच्या उच्च शिक्षणासाठी खाती आहेत. कार्डाचा कॅशबॅक परस्पर अशा खात्यात वळवण्याची सोयही काही ठिकाणी आहे. आपल्याकडे असे काही नाही. इथे कॅशबॅक बहुधा पुढच्या बिलातून वजा होतो. म्हणजे तीनशे रुपयांनी बिल कमी येते आणि ते तीनशे रुपये त्याच महिन्यात भाजी-किराण्यात विरून जातात. स्वतःहून उचलून दुसऱ्या खात्यात टाकले नाहीत, तर साठत काहीच नाही.

समजा, एखादे कुटुंब अगदी शिस्तीने ते टाकते. महिना 30,000 रुपयांचा खर्च आणि एक टक्का कॅशबॅक धरला तर हातात येतात 300 रुपये, वर्षाला 3,600. अठरा वर्षांत 64,800. त्यावर दरसाल सात टक्के वाढ मिळाली तरी सव्वा लाखाच्या आसपास. आजच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची एका वर्षाची फी अनेक ठिकाणी एवढी आहे. अठरा वर्षांनंतर ती किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता दुसरी बाजू. एका महिन्यात आजारपण आले, पगार लांबला आणि बिल थकले. महिना साडेतीन टक्के हा कार्डावरचा सर्रास आढळणारा दर. 30,000 वर एका महिन्याचे व्याज 1,050, त्यावर 18 टक्के जीएसटी 189, एकूण 1,239 रुपये. चार महिन्यांचा कॅशबॅक एका फटक्यात गेला. उशिराचा दंड वेगळाच. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे अर्जाच्या बारीक अक्षरांत असते आणि कार्ड विकणारा ते सांगत नाही.

साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला 42 टक्के. 30 टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. ग्राहकाच्या डोक्यावरचे ते छप्परही आता नाही.

आपल्यातच असे अनेकजण आहेत, जे व्याज नको म्हणून मुदत ठेवीला हात लावत नाहीत. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण त्यांना एक सवाल विचारलाच पाहिजे. सात टक्के व्याज घ्यायला नकार देणारा हात 42 टक्के व्याज देण्याच्या करारावर सही कशी करतो? ‘आम्ही वेळेवर भरतो’ हे उत्तर मिळते. ठीक आहे. पण मग तुमचा कॅशबॅक कोण भरतो, तेही पाहू.

कार्ड स्वाइप झाले की दुकानदाराकडून साधारण दीड ते दोन टक्के किंवा अधिक कापले जातात. तो ते खिशातून देत नाही, मालाच्या किमतीत धरतो. ती वाढीव किंमत रोखीने घेणाऱ्यालाही मोजावी लागते. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2010 मध्ये अमेरिकेचा हिशेब मांडला होता. रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाकडून वर्षाला 149 डॉलर कार्डवाल्यांकडे जातात आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला 1,133 डॉलर मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकडे तिथले आहेत, पण पैसा वाहण्याची दिशा इथेही तीच.

आपल्याकडे कार्ड नसलेला तो माणूस कोण? भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार, भंगारवाला, रिक्षाचालक, घरी बसून कपडे शिवणारी बाई. पगाराची पावती नाही म्हणून त्यांना कार्ड मिळत नाही. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना ‘नकारात्मक विभाग’ ठरवल्याचे सच्चर समितीनेच 2006 मध्ये नोंदवले होते. ज्या मोहल्ल्याला बँक दारात उभे करत नाही, त्याच्या साबण-तेलाच्या किमतीतून माझ्या मुलाच्या फीचा एक भाग निघावा, याला मी बचत कसे म्हणू?

आणखी एक गंमत. फी भरायची वेळ येते तेव्हा हे कार्ड कामाला येत नाही. शिक्षणाच्या भरण्यावर अनेक कार्डे कॅशबॅक देत नाहीत, उलट बरीच कॉलेजे कार्डाने भरल्यास वरचे शुल्क लावतात.

कार्ड असेल तर मोडून टाका, असे मी म्हणत नाही. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याने जरूर वापरावे. पण मुलांची बचत पगार हाती येताच बाजूला काढावी, खर्च झाल्यावर उरलेल्या चिल्लरीतून नव्हे. दहा वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते वर्षाला 250 रुपयांपासून चालते. व्याज नको असेल तर मोहल्ल्यातली भिशी आहेच, तिचा एक हप्ता फक्त शिक्षणासाठी राखता येतो.

आणि त्याहून मोठी रक्कम हक्काच्या योजनांत आहे. महाराष्ट्र सरकारने 2024-25 पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली आहे. दाखले वेळेत काढले नाहीत तर ती हातची जाते. उलट 2022 मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, मौलाना आझाद फेलोशिपही गुंडाळली. त्या वेळी आपण किती पत्रे लिहिली, किती निवेदने दिली?

तीनशे रुपयांच्या कॅशबॅकसाठी आपण कार्डांची तुलना करत तासन्‌तास घालवतो. त्यातला एक रविवार मोहल्ल्यातल्या दहावी-बारावीच्या मुलींचे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले काढून देण्यात घालवावा. एका मुलीच्या वाचलेल्या फीमध्ये अठरा वर्षांचा कॅशबॅक सहज बसतो.